वजन असलेला राजपुत्र

१९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावात, एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत, डेव्हिड मेक्नर हा शाळकरी मुलगा पांढरे कपडे घालून धावत होता, उड्या मारत होता, कठड्याला लोंबकळून वर चढत होता. त्याचा थोरला भाऊ जॉर्डन नुकताच येल विद्यापीठातून बाहेर पडलेला. तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर हे सगळं टिपत होता. पुढे जॉर्डनने ती फीत टीव्हीवर लावली, क्षणाक्षणाला थांबवून पडद्याचे फोटो काढले, छापून आलेल्या फोटोंवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या रंगाने भावाची आकृती तेवढी मोकळी केली आणि ती चित्रं संगणकात उतरवली. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ बाजारात आला, पुढच्या वर्षी डॉसवर आला. आणि आणखी काही वर्षांनी तोच डेव्हिड, चेहरा पुसला गेलेला, नुसती चाल उरलेला, कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या पोरांच्या बोटांखाली धावू लागला.

मुडशिंगीला लागून गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहिले ती वळिवड्याची छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं वसली आणि कापडाची मोठी पेठ उभी राहिली. पेठेत हिशेबाला कॉम्प्युटर शिकलेली पोरं हवी होती, म्हणून आम्हा पोरांना आईबापांनी क्लासला घातलं. चपला दाराबाहेर, मॉनिटरवर प्लास्टिकचं आवरण, खिडकीला जाड पडदा. आत डॉसच्या डीआयआरसारख्या आज्ञा, वर्डस्टार, लोटस. सर चहाला गेले की कुणाच्या तरी वहीच्या पुठ्ठ्यातून फ्लॉपी निघायची. ती कोल्हापुरातून केएमटीच्या बसने आलेली असायची आणि तिच्यावर ‘अकाउंट्स’ असं लिहिलेलं असायचं. विकत घेतलेला प्रिन्स मी तरी त्या काळात पाहिला नाही. या फ्लॉप्यांबरोबर व्हायरसही गावोगाव हिंडायचे. त्यांतला एक तर आपल्याच आडनावाचा: १९९०मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’. दर ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. कुणा जोशीबुवांना वाढदिवसाची एवढी हौस होती, कोण जाणे.

पण मला बोलायचं आहे ते प्रिन्सच्या देहाबद्दल. त्या काळातल्या खेळांत देह नव्हतेच. ‘डेंजरस डेव्ह’ घ्या. जॉन रोमेरोने १९८८मध्ये लिहिलेला, दहा टप्प्यांचा, क्लासमध्ये तितकाच लाडका. डेव्ह उडी मारतो तेव्हा पडद्यावरची एक सोंगटी वर जाते आणि खाली येते. बोट उचललं की तो थांबतो, दाबलं की निघतो. त्याला वजन नाही, म्हणून त्याच्या पडण्याची भीतीही नाही. प्रिन्सचं तसं नाही. तो पळायला लागतो तेव्हा आधी अंग पुढे झुकतं, मग पाय उचलतात. थांबवलं तर पुढच्या पावलावर घसरत थांबतो. उलट दिशेची कळ दाबली तर आधी वेग मोडतो, मग वळतो. तुम्ही सांगता आणि तो करतो, यांच्यात एका पावलाचं अंतर आहे. सुरुवातीला या अंतराची चीड येते; कळ बिघडली आहे असं वाटून पोरं कीबोर्डवर थापा मारत. मग कधीतरी लक्षात येतं की आपण कळ दाबत नाही आहोत, एका माणसाला सांगत आहोत, आणि माणसाला सांगायचं तर थोडं आधी सांगावं लागतं.

या वजनाला जॉर्डन मेक्नरने कायदा दिला. एका मजल्यावरून उडी मारली तर काही होत नाही, तो गुडघ्यात वाकून उठतो. दोन मजल्यांवरून पडला तर जीव दर्शवणाऱ्या त्रिकोणांतला एक जातो. तीन मजले म्हणजे मरण. सुरुवातीला त्रिकोण तीनच. त्यामुळे प्रत्येक कडेशी पोचल्यावर खेळणारा खाली बघत नाही, मजले मोजतो. सैल फरशी पाय पडताच थरथरते आणि निसटते. जमिनीतून सुळे वर येतात, पण शिफ्टची कळ धरून एकेक पाऊल टाकत गेलं तर ते काही करत नाहीत; धावणाऱ्यालाच टोचतात. हा मला सगळ्या खेळातला सर्वांत देखणा नियम वाटतो. बाकीचे खेळ वेगाला बक्षीस देतात. इथे घड्याळ घाई करतं आणि जमीन सबुरी मागते.

घड्याळाचं ऐका. सुलतान मोहिमेवर गेलेला, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, राजकन्येला त्याने एका तासाची मुदत दिलेली: लग्न नाही तर मृत्यू. तिचा प्रियकर तळघरात. खेळणाऱ्याला मरण कितीही वेळा येऊ शकतं, टप्पा पुन्हा सुरू होतो, पण तो तास परत मिळत नाही. आपण घोडचुका करत शंभरदा मेलो तरी प्रत्येक मरण त्याच साठ मिनिटांतून वजा होत राहतं. मधूनच पडद्याच्या तळाशी उरलेली मिनिटं झळकतात. आमचा प्रॅक्टिकलचा वेळही एक तासच, आणि त्यातून सरांची चहाची वीस मिनिटं तेवढी आपली. म्हणजे हा खेळ क्लासमध्ये पुरा होणं गणितातच बसत नव्हतं, त्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. तिसऱ्या टप्प्यापासून कंट्रोल आणि जी दाबून डाव राखून ठेवता येतो हे कळलं, तेव्हा एकेकाचा डाव फ्लॉपीवर आठवडा आठवडा मुक्कामाला राहू लागला.

मॉनिटर काळा-पांढरा. याने खेळाच्या एका अंगाचं वाटोळं केलं आणि एक अंग खुलवलं. वाटोळं असं की बाटल्यांतलं औषध लाल बुडबुड्यांचं की विषारी निळ्या बुडबुड्यांचं, ते करड्या रंगात कळायचं नाही. प्यायचं आणि वाट बघायची. खुललं ते असं की तळघराच्या भिंती, मशालींचा हलता उजेड आणि पांढऱ्या कपड्यांतला माणूस, एवढंच उरायचं. पुढे रंगीत मॉनिटरवर महालाचे गुलाबी-निळे खांब पाहिले तेव्हा मला तो खेळ थोडा सजवलेला वाटला. त्यात तळघराची ऊब नव्हती.

आता तलवार. आमच्या क्लासच्या मालकांकडे एकदा मर्दानी खेळातले एक म्हातारे वस्ताद आले होते, नातवाची फी भरायला. कोल्हापुरात शिवजयंतीला, दसऱ्याला फरी-गदका आणि दांडपट्टा खेळणाऱ्या पिढीतले. आमची लढाई चालली होती. ते पाठीमागे उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यो पोरगा शिकलेला हाय. पाय बघा त्याचं. वार करायच्या आधी पाय सरकतोय.” आम्ही तोवर हात बघत होतो. त्यांच्या त्या एका वाक्याने खेळ बदलला. प्रिन्सची लढाई बोटांच्या चपळाईची नाही, अंतराची आहे. पवित्रा घ्यायचा, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे, समोरच्याला वार करायला लावायचं, बाणाच्या वरच्या कळीने तो अडवायचा आणि त्याचा हात परत जायच्या आत शिफ्ट. जो सतत शिफ्ट बडवतो तो मरतो.

वस्तादांना जे दिसलं त्याचं मूळ सिनेमात आहे. तलवारबाजीसाठी मेक्नरने १९३८चा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ घेतला. त्यात एरल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या शेवटच्या झुंजीत काही सेकंद दोघेही कॅमेऱ्याला बरोबर आडवे दिसतात. तेवढ्या चौकटींवरून प्रिन्सचे वार आणि अडवणी उतरवली आहेत. कोल्हापूरच्या माणसाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. इथे बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला, इथेच भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’सारख्या चित्रपटांत ढालतलवारी खणखणल्या. पडद्यावरच्या लढाईत आधी पाय बघायचे आणि मग तलवार, ही सवय या गावच्या प्रेक्षकाला आहे. म्हणून मला वाटतं की प्रिन्स आमच्याकडे नुसता चोरून आला नाही, ओळखला गेला.

आवाजाबद्दल दोन वाक्यं. साउंड कार्ड नसल्याने कॉम्प्युटरच्या पोटातला चिमुकला स्पीकर किरकिरत असायचा, तरी मरणानंतरची ती छोटी धून काळजात जायची. संगीत जॉर्डनच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं. म्हणजे घरातलाच एक धावतो आणि घरातलाच एक वाजवतो.

आणि मग चौथा टप्पा. बाहेरचं दार उघडतं, तुम्ही परत फिरता आणि मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेत एक आरसा उभा असतो. दुसरी वाट नाही. धावत येऊन आरशातच उडी घ्यावी लागते. काच फुटल्यासारखं होतं, तुम्ही पलीकडे पडता, आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने तुमचंच रूप उलट दिशेला उडी मारून निघून जातं. तुमचे त्रिकोण एकावर आलेले असतात. हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्लासमध्ये कुणीच ओरडलं नाही. पाचव्या टप्प्यात तुम्ही मोठ्या औषधाच्या बाटलीकडे धावता, तर ती सावली पुढे होऊन ते पिऊन टाकते. सहाव्यात ती दरवाजा पाडते आणि तुम्ही कठड्यावरून खाली कोसळता. ती तुमच्याशी लढत नाही, तुमच्या आड येते. दुसऱ्या कुणाचा इतका राग कधी आला नव्हता.

ही सावली आली कुठून, ते कळल्यावर मी मेक्नरला मनोमन मुजरा केला. प्रिन्सच्या चालीच्या चित्रांनीच अ‍ॅपल टूची मेमरी भरून गेली होती. शत्रूसाठी नवी चित्रं घालायला जागा नव्हती. तेव्हा मेक्नरने प्रिन्सचीच चित्रं घेतली, एका ठिपक्याने सरकवली आणि मूळ चित्रावर अशी बसवली की दोन्हीकडे सारखं असेल ते पुसलं जावं. उरली एक झगमगती कडा, माणसाची नुसती बाह्यरेषा. जागा नाही म्हणून नायकाचाच शत्रू झाला. आणि त्या तडजोडीतून गोष्टीचा गाभा सापडला. पुरेशी मेमरी असती तर तिथे एखादा राक्षस आला असता आणि आपण तो विसरून गेलो असतो.

बाराव्या टप्प्यात ती समोर उभी ठाकते. तलवार उपसते. तुम्ही वार करता आणि तिला लागताच तुमचाही त्रिकोण जातो. दोन-चारदा मेल्यावर पोरं चक्रावली. ‘मेगाहिट’वाली पोरंही चक्रावली. (डॉसवर खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’च्या पुढे ‘मेगाहिट’ टाइप केलं की टप्पे ओलांडता येत, जीव वाढवता येत. अशा पोरांनी शेवट पाहिला, खेळ पाहिला नाही, असं माझं मत आहे.) उत्तर एका मुलीला सापडलं, जी क्वचितच कीबोर्डला बसायची. ती म्हणाली, “तलवार खाली ठेव की रे.” खालचा बाण दाबला, तलवार म्यानात गेली. सावलीनेही म्यान केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. मग पुढच्या पोकळीवर पाय टाकला, तर पावलाखाली फरशी उमटत गेली. अकरा टप्पे ज्या खेळाने मजले मोजायला शिकवलं, त्याने इथे न मोजता पाऊल टाकायला लावलं. माझ्या मते संगणकावरच्या खेळांत इतका नेमका क्षण फार थोड्यांना साधला आहे.

दोष आहेत. रखवालदार कपड्यांचे रंग बदलून तेच ते येतात. तिसऱ्या टप्प्यातला सांगाडा झकास, तलवारीने मरत नाही, त्याला रेटत नेऊन खाली पाडावं लागतं. पण तशी कल्पना पुढच्या लढायांना मिळाली नाही. राजकन्या वाळूच्या घड्याळाशेजारी बसून राहते. आठव्या टप्प्यात ती उंदीर पाठवते, तो कळीवर उभा राहून अडलेलं दार उघडतो, एवढाच तिचा वाटा. हे पर्शिया म्हणजेही अरबी सुरस कथांच्या मुखपृष्ठांवरचं. याच मालिकेतल्या २००३च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये वेळ मागे फिरवायची सोय आली. तो खेळ सुरेख आहे, पण पडून झाल्यावर न पडल्यासारखं करता येतं म्हटल्यावर पहिल्या प्रिन्सचं वजन त्यात राहिलं नाही. २०१२मध्ये वडिलांच्या घरी जुन्या डिस्कांची पेटी सापडली आणि मेक्नरने पहिल्या खेळाचा असेंब्ली भाषेतला मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. आता ती सावलीची करामत कुणालाही वाचता येते.

सावलीनंतर जाफर उरतो, आणि तो पडता भाग आहे. तलवारीला बरा, पण सावलीशी एक होऊन आल्यावर त्याच्याशी लढण्यात जीव लागत नाही. गोष्टीला वजीर मारावा लागतो म्हणून तो मारायचा. आमच्या क्लासमध्ये तो पडला तेव्हा सर दारात उभे होते, किती वेळापासून ते कुणालाच माहीत नाही. राजकन्येने प्रिन्सला मिठी मारली, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात, आणि सर म्हणाले, “मेला न्हवं वजीर? आता डीआयआर मारून दाखवा बघू.”