साक्षीदार आणि न्यायाधीश

विल्यम शायरर ह्या अमेरिकन बातमीदाराची कीर्ति मुख्यतः एका ग्रंथावर उभी आहे. 'द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइख' हा हिटलरशाहीचा बाराशेंहून अधिक पृष्ठांचा इतिहास १९६० सालीं प्रसिद्ध झाला आणि १९६१ सालीं त्यास 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळालें. तथापि त्यांचा श्रेष्ठ ग्रंथ हाच काय, ह्याविषयीं आम्हांस शंका आहे.

शायरर यांचा पिंड साक्षीदाराचा. 'शिकागो ट्रिब्यून'तर्फे ते १९३० सालीं हिंदुस्थानांत आले आणि गांधीजींची चळवळ त्यांनीं जवळून पाहिली. १९३४ सालीं ते बर्लिनला गेले. २२ जून १९४० रोजीं काँपिएन्यच्या अरण्यांत फ्रान्सनें युद्धतहकुबीवर सही केली; तें वृत्त त्यांनीं तेथूनच रेडिओवर सांगितलें. पुढें जर्मन नियंत्रकांनीं खरें बोलणें अशक्य केलें, तेव्हां डिसेंबर १९४० मध्यें त्यांनीं बर्लिन सोडलें. खोटें सांगत राहण्यापेक्षां निघून जाणें त्यांनीं पत्करलें, हें विसरतां कामा नये.

१९४१ सालची 'बर्लिन डायरी' ह्याच काळाची. मूळ टिपणांत व छापील मजकुरांत फरक असल्याचें संशोधकांनीं पुढें दाखविलें. हा दोष लहान नव्हे. तरीहि उद्यांचें भविष्य ठाऊक नसलेल्या माणसाची घालमेल तींत जिवंत आहे.

मोठ्या ग्रंथांत साक्षीदार न्यायासनावर बसतो. हस्तगत झालेल्या जर्मन कागदपत्रांचा त्यांनीं केलेला उपयोग प्रशंसनीय आहे. परंतु लूथरपासून हिटलरपर्यंत ते एक सरळ रेषा ओढतात, आणि तिला जर्मन इतिहासकारांनीं घेतलेला आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. राष्ट्राची प्रकृतीच तशी होती असें एकदां मानलें, म्हणजे ज्यांनीं आज्ञा दिल्या व ज्यांनीं पाळल्या त्यांचा अपराध हलका होतो, आणि ज्यांनीं प्राण पणास लावून विरोध केला त्यांचें मोल उरत नाहीं. आरोप इतका व्यापक झाला कीं आरोपीच सुटला!

१९७९ सालीं शायरर यांनीं गांधीजींच्या आठवणी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. एका माणसाच्या निश्चयानें लक्षावधि लोकांचें भय कसें जातें, हें ज्यानें तरुणपणीं पाहिलें, त्यानें तरी इतिहासांत अटळ असें कांहीं मानावयास नको होतें.