सदसद्विवेक आणि सेवा : एका आचारसंहितेचे वाचन

नियमांच्या पुस्तकाची समीक्षा वाङ्मयीन त्रैमासिकात सहसा कोणी करीत नाही. नियम पाळायचे असतात किंवा मोडायचे असतात, त्यांचे परिशीलन करण्यासारखे काय असते, अशी आपली समजूत असते. परंतु काही लेखन असे असते, की त्यातील एकेका शब्दावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहते. अमेरिकेच्या कॅथलिक बिशप परिषदेने प्रसिद्ध केलेले ‘कॅथलिक आरोग्यसेवेसाठी नैतिक व धार्मिक निर्देश’ हे अशा प्रकारचे लेखन आहे. शासनाचे आदेश आणि कॅथलिक रुग्णालये यांच्यात २०११ पासून त्या देशात जो प्रदीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशी हे छोटेखानी पुस्तक होते. वादाच्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचल्या; पुस्तक मात्र बातम्यांच्या आड राहिले. ते वाचल्याखेरीज या वादात कोणाचे किती खरे होते, हे ठरविणे अवघड आहे.

या निर्देशांना दीर्घ परंपरा आहे. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेने १९४८ च्या सुमारास त्यांचा पहिला मसुदा सिद्ध केला. १९७१ साली बिशपांनी त्यांना आपली संमती दिली आणि १९९४ साली त्यांची नव्याने मांडणी झाली. २०१८ साली सहावी आवृत्ती निघाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिशप परिषदेने पुढील सुधारित आवृत्तीही संमत केली आहे. प्रस्तुत विवेचन सहाव्या आवृत्तीवर आधारलेले आहे.

पुस्तकात सहा भाग आणि ७७ निर्देश आहेत. प्रत्येक भागाच्या आरंभी चिंतनपर प्रस्तावना येते व तिच्यामागोमाग क्रमांकित कलमे येतात. त्यामुळे पुस्तकाला दोन आवाज लाभले आहेत. प्रस्तावनेत शुभवर्तमानाचा आवाज आहे : प्रभू येशू रोग्याला स्पर्श करतो, त्याला समाजात परत आणतो, आणि रुग्णालय हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल ठरते. कलमांत धर्मशास्त्र्याचा आवाज आहे : काय अनुज्ञेय, काय निषिद्ध, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या हेतूने. पहिला आवाज हाक मारतो, दुसरा सीमा आखतो. दोन्ही आवश्यक आहेत. या दोन आवाजांचे प्रमाण वाचकाच्या मनात कसे राहते, यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे.

भागांचा क्रम या दृष्टीने बोलका आहे. गर्भपात, गर्भनिरोध, वंध्यीकरण यांविषयीचे निर्देश चौथ्या भागात येतात. पहिला भाग सामाजिक जबाबदारीचा आहे. त्यातील तिसरा निर्देश सांगतो, की समाजाने कडेला लोटलेल्यांची सेवा आणि त्यांच्या बाजूने उभे राहणे हे कॅथलिक आरोग्यसेवेचे वेगळेपण असले पाहिजे. पुढे यादीच दिली आहे : गरीब, विमा नसलेले, न जन्मलेली बालके, एकटे पालक, वृद्ध, असाध्य रोगांनी ग्रासलेले, व्यसनाधीन, वांशिक अल्पसंख्य, स्थलांतरित व निर्वासित. न जन्मलेले बालक आणि विमा नसलेला मजूर एकाच वाक्यात शेजारी शेजारी उभे आहेत. माझ्या मते हे या पुस्तकातील सर्वांत सुंदर वाक्य आहे, आणि पुस्तकाची खरी किल्लीही तेथेच आहे.

आता शासनाच्या मजकुराकडे वळू. २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याखाली ऑगस्ट २०११ मध्ये निघालेल्या नियमांनी, कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेत गर्भनिरोधक साधनांचा व वंध्यीकरणाचा खर्च समाविष्ट करणे मालकांवर बंधनकारक केले. ‘धार्मिक मालकां’ना सूट होती. परंतु धार्मिक कोणाला म्हणायचे? नियमाने चार अटी घातल्या : संस्थेचा हेतू धार्मिक मूल्ये रुजविण्याचा असावा, तिचे कर्मचारी मुख्यतः त्याच श्रद्धेचे असावेत, ती मुख्यतः त्याच श्रद्धेच्या लोकांची सेवा करीत असावी, आणि ती नफ्यासाठी चालविलेली नसावी.

यातील तिसरी अट पुन्हा वाचावी. जे रुग्णालय दाराशी आलेल्याचा धर्म विचारीत नाही, ते या व्याख्येप्रमाणे पुरेसे धार्मिक ठरत नव्हते. वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधणारा शोमरोनी या अटीत नापास झाला असता. पाहून न पाहिल्यासारखे पुढे गेलेले याजक आणि लेवी मात्र उत्तीर्ण झाले असते. शासनकर्त्यांच्या मनात द्वेष होता, असे म्हणण्याचे कारण नाही. स्त्री-कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न खरा होता आणि त्यांतील कित्येकजणी कॅथलिक नव्हत्या, हेही खरे होते. पण व्याख्या करणाऱ्याने धर्म म्हणजे देवळाच्या चार भिंतींतील उपासना एवढेच गृहीत धरले होते. बिशपांचा आक्षेप येथे निःसंशय योग्य होता. २०१३ च्या अंतिम नियमांत पहिल्या तीन अटी गळाल्या, ही त्याचीच पावती होय. रुग्णालयांना मात्र पूर्ण सूट मिळाली नाही. खर्च मालकाऐवजी विमा कंपनीने सोसावा, असा तोडगा त्यांच्यासाठी ठरला.

या काळात ख्रिस्तसभेचा आवाज एकमुखी नव्हता. गर्भपाताला शासकीय पैसा मिळेल या भीतीने बिशप परिषदेने २०१० च्या कायद्याला विरोध केला. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहन यांनी, लक्षावधी विमाहीनांना आधार मिळेल म्हणून, त्याला पाठिंबा दिला. त्याच सिस्टरांच्या संघटनेने २०१२ च्या जूनमध्ये शासनाचा तोडगा अपुरा म्हणून नाकारला, आणि २०१३ मध्ये सुधारित तोडगा आपल्या रुग्णालयांना पाळता येईल असे सांगितले. याला कोणी धरसोड म्हणेल. निर्देशांचा पहिला आणि चौथा भाग एकाच वेळी हातात धरून चालण्याची ती धडपड होती, असे मला वाटते.

पुढचा इतिहास न्यायालयांचा आहे. वृद्धांची सेवा करणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाने तोडग्याच्या कागदावर सही करण्यासही नकार दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय न देता प्रकरण खाली पाठविले. २०१७ मध्ये नव्या शासनाने सूट विस्तारली आणि २०२० साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती देण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने ती विस्तारित सूट पुन्हा रद्द ठरविली. एवढ्या वर्षांच्या वादाचा एक परिणाम असा झाला, की ‘कॅथलिक रुग्णालय म्हणजे काय’ या प्रश्नाला लोकांच्या मनात एकच उत्तर उरले : जे अमुक करीत नाही ते. पुस्तकाचा चौथा भाग सर्वांच्या तोंडी झाला, पहिला भाग विस्मरणात गेला.

चौथ्या भागाचे वाचनही सोपे नाही. ४५ वा निर्देश प्रत्यक्ष गर्भपाताला पूर्ण मनाई करतो. ४७ वा निर्देश सांगतो, की गर्भवतीच्या गंभीर आजारावर थेट इलाज म्हणून केलेला आणि पुढे ढकलता न येणारा उपचार, त्यात गर्भाचा मृत्यू होणार असला तरी, अनुज्ञेय आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स येथील सेंट जोसेफ रुग्णालयात फुप्फुसातील रक्तदाबाच्या विकाराने एक गर्भवती मृत्युपंथाला लागली होती. नीतिसमितीने, जिच्यात सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या, ४७ व्या निर्देशाच्या आधारे गर्भ काढण्यास संमती दिली. बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी ही कृती ४५ व्या निर्देशाखाली येते असे ठरविले आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचे ‘कॅथलिक’ हे अभिधान काढून घेतले.

दोन्ही पक्ष एकच पुस्तक वाचीत होते, दोघेही श्रद्धावंत होते आणि दोघांनाही जीव प्यारा होता. विकार हृदयात-फुप्फुसात होता आणि हात गर्भाला लावला गेला; मग तो ‘थेट’ इलाज कोणाचा? बिशपांचे उत्तर तत्त्वाच्या दृष्टीने सुसंगत होते. परंतु दोन कलमांमधील ती अरुंद वाट रात्रीच्या घाईत, मरणासन्न रुग्णापाशी उभे राहून शोधणाऱ्यांना या पुस्तकाकडून पुरेसा प्रकाश मिळत नाही, हा त्यातील दोष नोंदविलाच पाहिजे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. रुग्णाच्या संमतीविषयीचा २७ वा निर्देश उपचाराचे स्वरूप, धोके, परिणाम व खर्च यांची माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे असे सांगतो. पर्यायांचा उल्लेख करताना मात्र ‘नैतिकदृष्ट्या योग्य’ असे विशेषण लावतो. जवळपास दुसरे रुग्णालय नसलेल्या गावातील अन्य धर्माच्या स्त्रीने काय समजावे? जे आम्ही करणार नाही ते करणार नाही, असे तिला स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणा झाला. पण ते अन्यत्र उपलब्ध आहे हेही तिला कळू न देणे वेगळे. एका विशेषणाने हा फरक पुसट केला आहे. जी संस्था शासनाकडे आपल्या सदसद्विवेकाचा आदर मागते, तिने रुग्णाच्या सदसद्विवेकाला अंधारात ठेवू नये.

आता पहिल्या भागाकडे परत येऊ, कारण शासनाचे आदेश केवळ एकाच प्रकारचे नव्हते. १९८६ च्या एका अमेरिकन कायद्याने, तातडीच्या रुग्णाला पैसे आहेत की नाहीत हे न पाहता तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. २०१० च्या ज्या कायद्यावर एवढा वाद झाला, त्याच कायद्याने धर्मादाय रुग्णालयांना गरिबांसाठी सवलतीचे लेखी धोरण ठेवण्याची, ते सर्वांना कळविण्याची आणि सवलतीस कोण पात्र आहे हे पाहिल्याशिवाय कठोर वसुली न करण्याची सक्ती केली. हे तर तिसऱ्या निर्देशाचेच कायदेशीर भाषांतर होते. जे प्रेमाने आपण होऊन करायचे, ते शासनाला सक्तीने सांगावे लागले.

या संदर्भात ‘प्रॉव्हिडन्स’ या मोठ्या कॅथलिक रुग्णालय-समूहाचे उदाहरण वेदना देणारे आहे. १८५६ साली मदर जोसेफ आणि त्यांच्या सहकारी धर्मभगिनी वॉशिंग्टन प्रदेशात उतरल्या आणि त्यांच्या सेवेतून हा समूह वाढला. सवलतीस पात्र असलेल्या गरीब रुग्णांकडूनही पैसे वसूल केल्याचा आरोप ठेवून २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने या समूहावर दावा लावला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तडजोड झाली : परतफेड आणि कर्जमाफी मिळून सुमारे १५ कोटी ७८ लाख डॉलर. रुग्णालय चालवायला पैसा लागतो, वेतने द्यावी लागतात, बंद पडलेले रुग्णालय कोणाचीच सेवा करू शकत नाही, हे सारे खरे आहे. तथापि चौथ्या भागाचा भंग झाला म्हणून फीनिक्सच्या रुग्णालयाचे नाव गेले. पहिल्या भागाच्या भंगाला तशी कोणतीच शिक्षा पुस्तकात वा व्यवहारात ठरलेली दिसत नाही. ही विषमता शासनाने लादलेली नाही. ती आपली आपण निर्माण केलेली आहे.

नियम रुग्णाच्या खाटेपाशी तपासला जावा, ही अपेक्षा ख्रिस्तसभेला परकी नाही, आणि याचा पुरावा आपल्याच उपखंडात आहे. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि बाळंतपणात मरत. धर्मभगिनींना मात्र प्रसूतिसेवा करण्यास ख्रिस्तसभेची मनाई होती. रावळपिंडीत १९२० पासून हे पाहणाऱ्या डॉ. ॲना डेंगल यांनी १९२५ साली वॉशिंग्टन शहरात वैद्यकीय सेवेसाठी संघ स्थापन केला, आणि अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने ती मनाई उठविली. नियम बदलला तो शासनाच्या धाकाने नव्हे, रुग्णांच्या गरजेने.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली. आपल्या संस्थांच्या रुग्णालयांपुढेही हा शासकीय आदेश आहे. मात्र त्याविरुद्ध सदसद्विवेकाचा आक्षेप घेता येणार नाही, कारण तो आपल्याच श्रद्धेचा किमान हिशेब आहे. शुभवर्तमान दहा टक्क्यांवर थांबत नाही.

तेव्हा या पुस्तकाविषयी माझा अभिप्राय असा : त्याचा पाया भक्कम आहे आणि शासनापुढे त्याने ठेवलेला स्वातंत्र्याचा दावा रास्त आहे. उणीव आहे ती पहिल्या भागाला चौथ्या भागाइतके बळ देण्याची. जे रुग्णालय बिल भरू न शकणाऱ्या मजुराला मानाने घरी पाठविते, त्याने ‘हे आम्ही करणार नाही’ असे म्हटले, तर न्यायाधीशांपूर्वी शेजाऱ्यांना ते पटते. पुढील आवृत्त्या सिद्ध करणाऱ्यांनी तिसरा निर्देश कठोर कलमांच्या भाषेत पुन्हा लिहावा : किती, कोणाला आणि न केल्यास काय.