घासलेला अंगठा आणि ‘कुणालाही’

संगणक-सुरक्षेवरचा एक निबंध मी ललितकृती वाचावी तसा पुन्हा पुन्हा वाचतो. अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी तो १९९९ साली मांडला; व्हिटन तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करत होत्या. बारा जणांना ९० मिनिटे देऊन पीजीपी ५.० मधून सांकेतिक ईमेल पाठवायला सांगितले. बहुतेकांना जमले नाही. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच धाडला. निबंधाचे मोठेपण असे की, यात माणसांना अडाणी ठरवलेले नाही. दोष रचनेच्या पदरात पडतो.

पण त्यातला माणूस एकटा आहे. त्याची पेटी, त्याची किल्ली. आमच्या शिरूर-दौंडकडे फोन घराचा असतो. आजीचा ओटीपी नातू मोठ्याने वाचतो, कारण तिला अक्षर लागत नाही. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ या वाक्यातल्या ‘कुणालाही’मध्ये तो नातूही येतो, आणि तो वगळला तर आजीचे काम अडते. वाक्य सुरक्षित आहे, पण त्यात आजीला जागा नाही. (नातवावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असेही मी म्हणत नाही.)

सही न येणाऱ्याला पूर्वी ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवत. आता रेशनच्या यंत्रापुढे सगळेच अंगठेबहाद्दर, आणि नापास होतो तो ऊस तोडून, खुरपून घासलेला हात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिले. ते ठशापाशी अडते. ‘ठसा जुळत नाही’ या वाक्याचा कर्ता ठसा आहे. यंत्राला वाचता आले नाही, असे कुणी म्हणत नाही.

वेगळी वाट आहे. आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या ‘स्वरचक्र’ कळफलकात व्यंजन दाबले की भोवती बाराखडी उमलते. पाटीवर गिरवलेलेच इथे कामी येते. नवे शिकण्याचा भार लिहिणाऱ्यावर कमी पडतो. अर्थात, बाराखडी न आलेली आजी इथेही बाहेरच.

या दोन तालुक्यांतून कुणी ‘मानवकेंद्री तंत्रज्ञाना’वर प्रबंध लिहिणार असेल, तर प्रयोगशाळेत बारा जण बोलावण्याआधी त्याने रेशन दुकानाच्या ओट्यावर महिनाभर बसावे. धान्य नेणाऱ्यांची नोंद यंत्रात असतेच. रिकामी पिशवी घेऊन परतलेल्यांची वहीत करावी.