नापास पांडुरंग, पास एकनाथ

‘कोसला’ वाचताना पांडुरंग सांगवीकर आपल्यातलाच वाटतो. मेसच्या भानगडीत पडणारा, अभ्यासाचं वाटोळं करणारा, शेवटी पुणं सोडून खानदेशातल्या गावी परतणारा. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. पांडुरंगच्या परतण्याला आपण अस्तित्ववाद, तुटलेपण, निरर्थकता अशी नावं देत आलो. ती चुकीची नाहीत. पण एक साधी गोष्ट त्यात झाकली जाते. पांडुरंगला परतायला घर आहे. वडिलांचं गावात वजन आहे, शेती आहे. बापलेकाचं पटत नाही, तरी नापास झाला म्हणून तो उपाशी मरणार नाही. ‘आयुष्याला अर्थ काय’ हा प्रश्न त्याला पडू शकतो, कारण ‘उद्या खायचं काय’ हा प्रश्न वडिलांनी आधीच सोडवलेला आहे.

आता सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ शेजारी ठेवून वाचा. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी विदर्भातल्या शेतकरी घरातली. एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. आहे. शिक, पास हो, मास्तर हो, असा रस्ता त्याला दाखवलेला होता आणि तो त्यावरून इमानदारीत चालला. पण मास्तरकी मिळवायची तर पैसे मोजावे लागतात आणि शेती तेवढे देत नाही. मग पदवी गुंडाळून शेतातच उतरायचं. बायको अलकाला हे आयुष्य नकोय. इथे शेती हा आसरा नाही. नोकरी हुकते ती शेतीत पैसा नाही म्हणून, आणि नोकरी हुकल्यावर उरते तीही शेतीच.

‘बारोमास’मध्ये खोट नाही असं नाही. शेतीच्या दुरवस्थेबद्दल सगळंच सांगून टाकायची घाई तिला आहे. अशा पानांवर एकनाथ माणूस कमी आणि प्रतिनिधी जास्त होतो. ती खरी बोलते घरातल्या भांडणांत. एवढं शिकून काय उपयोग झाला, हा टोमणा घरचीच माणसं मारतात तेव्हा व्यवस्थेवरच्या कुठल्याही भाषणापेक्षा तो जास्त लागतो.

शहरातही हीच कोंडी आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकामागे १९८२चा गिरणी संप आहे. ज्या गिरणीने आधीच्या पिढीला पोसलं, तिचा दरवाजा पुढच्या पिढीसाठी बंद होतो. धुरी कुटुंबातल्या मुलांच्या वाटा तिथून फुटतात आणि त्यातली नरूची वाट गुंडगिरीकडे जाते.

तिन्ही कलाकृती वाट अडल्यावर काय होतं ते दाखवतात. हाताला काम शिकवण्याची जागा मात्र त्यांत नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा, म्हणजे ‘कोसला’च्याही आधीचा. तेव्हापासून आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन किती पोरं बाहेर पडली! पहिला स्टायपेंड, उस्तादाच्या शिव्या, ‘पर्मनंट करतील का’ ही धाकधूक, हे सगळं आपल्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या मध्यभागी सहसा येत नाही. कवितेत नारायण सुर्वे यांनी कामाच्या जागेलाच विद्यापीठ म्हटलं. कादंबरीचा नायक मात्र बहुतेक वेळा कॉलेजातलाच राहिला. लिहिणारे बहुतेक कॉलेजातून आले, हे त्यामागचं एक कारण असावं.

याचा परिणाम वाचकावर होतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत बसलेल्या मुलाला पांडुरंग जवळचा वाटतो, कारण रिकाम्या दिवसांची भाषा त्याच्याकडे आहे. पण त्या मुलाचा खोलीभाड्याचा हिशेब एकनाथच्या घरातला आहे. त्याला स्वतःकडे बघायला दोन्ही पुस्तकं लागतील. आणि त्याच्याच वर्गातला जो मित्र दहावीनंतर आयटीआयला गेला आणि आज चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर नाइट शिफ्ट करतो, त्याची कादंबरी अजून लिहायची आहे.