न भेटलेल्या मित्रांविषयी

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'लेखनातून जुळलेली मैत्री – काही आठवणी'. मी त्यांना फोनवर म्हटलं, आठवणी सांगायला मला बोलावू नका. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आठवणी सांगायला लागला की तुमचा सभागृहाचा वेळ संपतो, त्याच्या आठवणी संपत नाहीत. त्यापेक्षा अशा आठवणी लिहिल्या कशा जातात, त्याबद्दल बोलतो. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आज मी थोडी समीक्षा करणार आहे. शेवटी एक आठवण येईल, पण ती माझ्याच विरोधात साक्ष द्यायला येईल.

आधी हा लेखनप्रकार कोणता ते सांगतो. १९९६ साली 'मायबोली' सुरू झाली. पुढे २००७ मध्ये 'मिसळपाव', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. आणखीही होत्या, काही बंद पडल्या. परदेशात एकट्यानं राहणारा मुलगा, दुपारच्या वेळी मोकळी असलेली सांगलीतली गृहिणी, बदलीच्या गावी कंटाळलेला बँकेतला माणूस, असे लोक तिथं टोपणनावानं लिहू लागले. कोणी छापायला नको, कोणी साभार परत पाठवायला नको. लिहिता लिहिता ओळखी झाल्या, ओळखींतून मैत्री झाली. आता त्याला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली. त्यामुळं 'ते दिवस' सांगणारे लेख येऊ लागले आहेत. मी असे बरेच वाचले. आवडीनं वाचले, हे आधी सांगतो.

पण सलग वाचले तेव्हा लक्षात आलं की त्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या लेखावर आलेला पहिला प्रतिसाद. मग 'पुलेशु', म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. मग पहिलं गटग, ज्याला आपण साध्या मराठीत भेटीगाठी म्हणतो. तिथं टोपणनावावरून वाटलेला माणूस वेगळाच निघतो, ज्यांना तरुण समजलो त्या आजी निघतात. (हशा) मग कोणाच्या तरी अडचणीत सगळे धावून गेले तो प्रसंग. आणि शेवटी, मग प्रत्येक जण आपापल्या व्यापात गुंतला, पण ते दिवस ते दिवसच.

हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. यातलं सगळं घडलेलं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांत मला सगळं सापडतं. कोण काय खाऊन आलं, कोणाचा आवाज कसा होता, कोणत्या घाटात पाऊस लागला, सगळं. एक गोष्ट सापडत नाही : तो मित्र लिहायचा काय? त्याचं एखादं वाक्य, एखादा मुद्दा, ज्यानं लेखकाचं मत हललं? ते नसतं. जी मैत्री केवळ लेखनामुळं झाली, तिच्या आठवणीत लेखनच नसतं. ती मैत्री महाबळेश्वरच्या सहलीत झाली असती तरी लेख जवळजवळ असाच लिहिता आला असता. मग या मैत्रीचं वेगळेपण ते काय राहिलं?

आता कोणी म्हणेल, सर, आठवणींच्या लेखाकडून एवढी अपेक्षा कशाला? अपेक्षा अशासाठी, की मराठीत याचं फार उंच उदाहरण आपल्यासमोर आहे. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे. जी.ए. बेळगाव-धारवाड भागातले, धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, सभा-समारंभ आणि मुलाखती टाळणारे. सुनीताबाई पुण्या-मुंबईच्या गजबजलेल्या साहित्यजगात वावरलेल्या. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. पत्रांच्या मानानं प्रत्यक्ष भेटी फार थोड्या. त्यातली जी.एं.ची बाजू त्यांच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात आहे, आणि सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी.ए.' या पुस्तकात. म्हणजे वाचकाला दोन पुस्तकं दोन मांड्यांवर ठेवून वाचावं लागतं. मी तसंच वाचलं. तुम्हीही एकदा वाचा.

तसं वाचताना काय जाणवतं? हे दोघे एकमेकांची विचारपूस करतात, नाही असं नाही. पण त्यांचा मुक्काम असतो तो वाचलेल्या पुस्तकावर, आवडलेल्या कवितेवर, न पटलेल्या गोष्टीवर. समोरच्यानं आधी काय लिहिलं होतं ते नीट वाचल्याशिवाय पुढचं पत्र लिहिताच आलं नसतं, असा तो व्यवहार आहे. कौतुक आहे, पण कौतुकावर पत्र संपत नाही. समोरचा आपल्यापेक्षा वेगळा विचार करतो ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटत नाही. उलट पत्र लिहायचं कारणच ते आहे. ही मैत्री दाखवायला तिसऱ्या माणसाच्या आठवणी लागत नाहीत. पत्रं पुरतात. ज्या मैत्रीतून मागं काही लिखित उरलं नाही, तिला मी कमी लेखत नाही. पण लेखनातून झालेल्या मैत्रीचा कस लेखनावरच लागणार, एवढंच माझं म्हणणं आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच भागाशी जोडलेलं आहे. रविकिरण मंडळ १९२३ साली पुण्यात स्थापन झालं; पण त्यातले गिरीश जन्मानं साताऱ्याचे, यशवंत चाफळचे आणि सांगलीत शिकलेले. रविवारी चहाला जमायचं, कविता वाचायच्या. माधव जूलियन, रानडे पती-पत्नी, घाटे, दिवाकर, अशी मंडळी. मराठी कविता घरोघर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण एकमेकांच्या सहवासात लकबीसुद्धा सामायिक होतात. त्या लकबींवर बोट ठेवलं ते बाहेरच्या माणसानं. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'नं १९२५ साली विडंबनातून ते काम केलं. आता मला प्रश्न पडतो : हे काम चहाच्या टेबलावरच्या मित्राचं नव्हतं का? मित्र जे बोलायचं टाळतो ते विडंबनकार बोलतो, आणि तो प्रेमानं बोलेलच याची खात्री नसते. 'पुलेशु' लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता थोडं तत्त्वज्ञान. माझा धंदा तो आहे, घाबरू नका, फार वेळ घेणार नाही.

ॲरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली, आणि माणसाच्या सद्गुणासाठी केलेली. पहिल्या दोन कच्च्या, तिसरी पक्की. तो असंही सांगतो की मित्रांनी एकत्र राहायला हवं. इथं आपले न भेटलेले मित्र अडचणीत येतात. पण पुढं त्यानंच एक सुंदर खुलासा केलाय. माणसांचं एकत्र राहणं म्हणजे गुरांसारखं एका कुरणात चरणं नव्हे, बोलण्यात आणि विचारात वाटेकरी होणं. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर, २०१३ साली, यावर एक लेख लिहिला आणि सुनेच्या मदतीनं एका संकेतस्थळावर टाकला. लेखाचा निष्कर्ष असा, की पत्रमैत्री आणि लेखनमैत्री ही तिसऱ्या प्रकारात बसते, कारण तिथं उपयोगाचा प्रश्नच येत नाही. लेख मला फार आवडला होता. (हशा)

त्यावर कराडच्या एका गृहस्थांनी प्रतिसाद लिहिला. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घरची थोडी शेती. त्यांचं नाव मी सांगणार नाही, टोपणनावही नाही. त्यांनी विचारलं होतं, "सर, तुमच्या यादीत पैरा कुठं बसतो?"

समोर तरुण मंडळी आहेत म्हणून सांगतो. पैरा म्हणजे आज माझ्या रानात तू ये, उद्या तुझ्या रानात मी येतो. मजुरी नाही, अदलाबदल. म्हणजे शुद्ध उपयोगाची मैत्री. त्यांनी लिहिलं होतं की वडिलांचा एका शेजाऱ्याशी अनेक वर्षं पैरा होता. वडील गेले त्या साली तो शेजारी पेरणीला आपण होऊन आला. त्याचं देणं काही नव्हतं आणि फेडून घ्यायला समोर कोणी उरलं नव्हतं. "हा तुमचा पहिला प्रकार की तिसरा?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण उत्तर नव्हतं. उपयोगाची मैत्री हा कच्चा प्रकार आणि सद्गुणाची हा वेगळा पक्का प्रकार, असं मी मानत आलो होतो. हा माणूस सांगत होता की पक्की मैत्री अनेकदा उपयोगाच्या बांधावरच उगवते. माझ्या डॉक्टरेटच्या परीक्षकांनी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. पुढची नऊ वर्षं आम्ही एकमेकांना लिहीत राहिलो. भेटलो नाही. कराड ते सांगली एस.टी.नं दोन तासांचं अंतर. पण दोघांनाही वाटायचं, चाललंय ते छान चाललंय.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. आमचं घर तळमजल्याचं. माणसं वेळेवर बाहेर पडली, कपाटं राहिली. परत आलो तेव्हा माझ्या टिपणवह्या आणि लेखांचे खर्डे चिखलाचे गोळे झाले होते. पंधरा दिवसांनी एस.टी.च्या पार्सलनं एक जाड फाईल आली. माझा प्रत्येक लेख या गृहस्थांनी छापून, तारीख घालून, समासात पेन्सिलीनं शेरे मारून ठेवला होता. ती फाईल त्यांनी मला पाठवून दिली होती. सोबत दोन ओळी : पैरा समजा, शेरे पुसू नका.

आता साक्ष. २०२२ मध्ये त्यांचे प्रतिसाद आखूड झाले. एकदा लिहिलं, "हल्ली वाचन कमी, पडून असतो." मी काय केलं? पडल्या पडल्या वाचण्यासारख्या पाच पुस्तकांची यादी पाठवली. पुढं एकदा त्यांनी लिहिलं, यंदा पेरणी दुसऱ्यांवर सोपवली. मला ते वाक्य आवडलं. त्यात काहीतरी रूपक आहे असं वाटून मी त्यावर चांगला परिच्छेदभर मजकूर लिहिला. मग त्यांच्याकडून काही आलं नाही. मी समजलो, माणूस कंटाळला असेल. सहा महिन्यांनी त्यांच्या मुलीचा निरोप आला. वडिलांच्या वहीत माझा पत्ता सापडला होता. ते जाऊन पाच महिने झाले होते.

म्हणजे बघा, मघाशी मी आठवणी लिहिणाऱ्यांवर आक्षेप घेतला की त्यांना माणूस आठवतो, लेखन आठवत नाही. माझा दोष बरोबर उलटा. मला त्यांची वाक्यं पाठ आहेत आणि तो माणूस आजारी आहे हे मला कळलं नाही. पेरणी दुसऱ्यांवर सोपवली याचा अर्थ पेरणी दुसऱ्यांवर सोपवली एवढाच होता. जो शेतकऱ्याच्या घरातला असता त्याला तो लगेच कळला असता. मी तिथं समीक्षक झालो. आज इकडं येताना गाडी कराडवरूनच आली. पुलावर मी ड्रायव्हरला थांब म्हणणार होतो. पण थांबून कुठं जाणार?

यातून काय घ्यायचं? भेटीशिवाय मैत्री खरी नाही, असा निष्कर्ष कोणी काढेल. मला तो मान्य नाही. माझ्या आयुष्यात रोज भेटणाऱ्या कोणीही माझा विचार या माणसाइतका बदलला नाही. पण ॲरिस्टॉटलच्या त्या खुलाशाला मी आता एक पुरवणी जोडीन. विचारात वाटेकरी व्हायचं तर गैरहजेरीतही व्हावं लागतं. कोण आलं नाही, हे विचारावं लागतं.

या बाबतीत आपल्या भागानं एक रीत जपली आहे. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर आहे. कवी सुधांशु यांच्या पुढाकारानं तिथं सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन सुरू झालं, आणि ते संक्रांतीच्या दिवशी भरतं. तारीख विचारावी लागत नाही. मी अनेकदा गेलो आहे. तिथली भाषणं मला फारशी आठवत नाहीत, पण एक गोष्ट आठवते. तिळगूळ देता देता लोक विचारतात, यंदा अमके दिसले नाहीत? आणि मग कोणीतरी सांगतं. त्या प्रश्नासाठी ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा लागते. पडद्यावर माणूस लिहायचा थांबतो, तेव्हा तो रागावलाय, कंटाळलाय की गेलाय, तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

तेव्हा ज्यांना अशा मैत्रीवर लिहायचं आहे त्यांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मित्राचं एक तरी वाक्य लेखात येऊ द्या, आणि त्यानं तुमचं कोणतं मत मोडलं ते सांगा. दुसरी, लेख लिहायच्या आधी त्याला फोन करा. तो हयात असेल तर आठवणींच्या लेखाची एवढी घाई नाही.

ती फाईल माझ्याकडं आहे. समासातले शेरे मी पुसलेले नाहीत. पैरा या विषयावर मी आता लिहायला घेतलं आहे, आणि ॲरिस्टॉटलबरोबर त्यांचंही नाव घालायची त्यांच्या मुलीची परवानगी मागितली आहे. ते देणं फेडायला समोर कोणी उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या वडिलांचा शेजारी पेरणीला आला, तेव्हा त्यालाही ते माहीत होतं.

एवढं बोलून थांबतो.