नाताळची मुळे आणि शुभेच्छांचा वाद

दर डिसेंबरात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एक वाद ठरल्यासारखा उफाळतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'मेरी ख्रिसमस' म्हणावे की 'हॅपी हॉलिडेज'? एका पक्षाला दुसऱ्या शब्दांत आपल्या सणाचे नाव पुसण्याचा डाव दिसतो. जॉन गिब्सन यांनी 2005 मध्ये 'द वॉर ऑन ख्रिसमस' या नावाचे पुस्तकच लिहिले. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच दिवसांत ज्यूंचा हनुका येतो, 1966 पासून आफ्रिकी-अमेरिकनांचा क्वान्झा येतो, आणि कोणताच सण न पाळणारेही समाजात असतात. मग सर्वांना सामावणारे शब्द का नकोत?

इथपर्यंत तक्रार नाही. पण या दुसऱ्या पक्षाचे लेखक बहुधा आणखी एक पाऊल टाकतात. नाताळ मुळात ख्रिस्ती नाहीच, तो ख्रिस्तपूर्व लोकांच्या उत्तरायणारंभाच्या सणावरून उचललेला आहे, तेव्हा ख्रिस्त्यांनी या ऋतूवर हक्क सांगू नये, असे ते बजावतात. मला तपासायचे आहे ते हे पाऊल. माझ्या मते पुरावा त्याला पुरत नाही, आणि ज्या सौजन्यासाठी ते टाकले जाते, त्या सौजन्यालाच ते मारक ठरते.

प्रथम रोम. सॅटर्न देवाचा 'सॅटर्नेलिया' हा उत्सव 17 डिसेंबरला सुरू होई आणि पुढे काही दिवस चाले. लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि लहान बाहुल्या भेट देत, मालक आणि गुलाम यांच्यातला पंक्तिभेद तेवढ्यापुरता सैल होई. साम्य आहे, पण हा उत्सव 23 तारखेपर्यंत आटोपे. म्हणून 25 डिसेंबरसाठी दुसरा साक्षीदार बोलावतात, तो म्हणजे 'अजिंक्य सूर्य'. सम्राट ऑरेलियनने इ.स. 274 मध्ये रोममध्ये या सूर्याचे मंदिर उभारले, हे खरे. मात्र त्याने 25 डिसेंबरचा उत्सव सुरू केला, असे त्याच्या काळातला एकही लेख सांगत नाही. तो दाखला मिळतो 354 सालच्या एका रोमन संग्रहात. त्यातल्या पंचांगात त्या तारखेसमोर 'अजिंक्याचा जन्मदिन' आणि तीस रथशर्यती अशी त्रोटक नोंद आहे. गंमत अशी, की त्याच संग्रहातल्या दुसऱ्या एका यादीत त्याच तारखेला बेथलेहेममध्ये ख्रिस्त जन्मल्याचीही नोंद आहे, आणि ती यादी 336 च्या सुमाराची असावी असे अभ्यासक मानतात. एकाच संग्रहात दोन्ही पक्षांचे साक्षीदार शेजारी शेजारी बसले आहेत. कोणी कोणाकडून घेतले, हे त्या पानांवरून ठरत नाही.

या तारखेची एक वेगळी उपपत्तीही आहे. ख्रिस्ताचे मरण 25 मार्चला झाले असे पश्चिमेकडचे काही ख्रिस्ती लेखक जुन्या काळापासून मानत आले. गर्भधारणाही त्याच तारखेची, अशी समजूत ऑगस्टीनने पाचव्या शतकात नोंदवली आहे. त्यात नऊ महिने मिळवले की 25 डिसेंबर येतो. पूर्वेकडे 6 एप्रिलवरून 6 जानेवारी येतो आणि आर्मेनियन चर्च आजही तोच दिवस पाळते. ही उपपत्तीही निर्विवाद नाही. पण तिचा उल्लेख न करता 'चोरी सिद्ध झाली' असे लिहिणे हे संशोधन नव्हे.

उत्तर युरोपची कथा थोडी वेगळी. इंग्रज भिक्षू बीड याने 725 मध्ये लिहिले, की ख्रिस्ती होण्यापूर्वी त्याच्या लोकांचे वर्ष 25 डिसेंबरला सुरू होई आणि त्या रात्रीला ते 'मातांची रात्र' म्हणत. त्या रात्री काही विधी होत असावेत, असा आपला तर्क असल्याचे तो स्वतःच सांगतो. नंतरच्या पुस्तकांत हा तर्क वस्तुस्थिती होऊन बसतो. नॉर्वेचा राजा हाकोन याने दहाव्या शतकात 'यूल'चा सण नाताळच्या दिवशी आणला, असे स्नोरी स्टुर्लुसन तेराव्या शतकात सांगतो. हे मानले, तर यूल आधी वेगळ्या दिवशी होता आणि ख्रिस्ती तारखेकडे सरकवला गेला, असा अर्थ निघतो. उचलेगिरीच्या कथेत बाण नेमका उलट्या दिशेला असतो. स्कँडिनेव्हियात नाताळला आजही 'यूल'च म्हणतात. जुने नाव राहिले, आशय बदलला.

'नाताळ पेगन आहे' हा आरोप मुक्त विचारांच्या लोकांनी शोधला, असा समज आहे. वास्तविक तो कडव्या ख्रिस्त्यांचे हत्यार होता. बायबलात ही तारीख नाही, म्हणून प्युरिटनांना हा सण खपत नसे. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये तो रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो कायदा 1681 मध्ये उठला. त्यानंतर 1687 मध्ये बॉस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज माथर यांनी नाताळचा संबंध सॅटर्नेलियाशी जोडून त्याचा धिक्कार केला. आज सर्वसमावेशकतेसाठी वापरला जाणारा युक्तिवाद तेव्हा शेजाऱ्याचा सण बंद पाडण्यासाठी वापरला जात होता. मुळे दाखवून हक्क काढून घेण्याची पद्धत अशीच चालते. ती ज्याच्या हाती जाईल त्याच्या कामी येते.

उलट 'हॅपी हॉलिडेज'ला अशा मुळांची गरजच नाही. 'हॉलिडे' हा शब्द मुळात 'पवित्र दिवस' असाच आहे. 1942 च्या 'हॉलिडे इन' या चित्रपटासाठी अर्व्हिंग बर्लिन यांनी 'हॅपी हॉलिडे' हे गाणे रचले, आणि त्याच चित्रपटात त्यांचेच 'व्हाइट ख्रिसमस'ही आहे. बर्लिन ज्यू होते. दोन्ही गाणी एकाच लेखणीतून उतरली आणि कोणी कोणाचे काही पुसले नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 1997 आणि 1998 मध्ये हिवाळ्यातल्या कार्यक्रमांना 'विंटरव्हल' हे एकत्रित नाव दिले. नाताळ त्यात होताच. तरी 'नाताळचे नाव बदलले' ही आवई वर्षानुवर्षे छापली गेली आणि 'डेली मेल'ने 2011 मध्ये दुरुस्ती छापली. या बाजूलाही खोटी कथा लागते, हे नमूद केले पाहिजे.

मराठी वाचकाला यात स्वतःचा धागा सापडेल. आपला 'नाताळ' पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी जन्मदिन या अर्थाचा लॅटिन 'नातालिस' आहे, आणि 354 च्या पंचांगात अजिंक्याच्या नावाआधी आहे ते याच शब्दाचे पहिले अक्षर. मग गोव्यातला किंवा वसईतला ख्रिस्ती माणूस अजिंक्य सूर्याचा उत्सव करतो, असे म्हणायचे का? संक्रांतीचेही तसेच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ती उत्तरायणारंभाच्या आसपास होती, अयनचलनामुळे आता तीन आठवड्यांहून अधिक मागे पडली आहे. म्हणून तिळगुळाची गोडी कमी होत नाही. सण कशातून उगवला आणि आज तो पाळणाऱ्याला काय देतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला इतिहासाचा आहे. दुसऱ्याचे उत्तर फक्त तो पाळणारा देऊ शकतो.

शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्यावी, याचा निकाल इतिहास देत नाही. समोरच्याचा सण ठाऊक असेल तर त्याचे नाव घ्यावे, ठाऊक नसेल तर सर्वांना चालेल असे बोलावे. त्यासाठी कोणाचा सण उसना ठरवावा लागत नाही. आश्विन अमावास्येला आपण लक्ष्मीपूजन करतो तेव्हा जैन कुटुंबांत महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण असते. एकाच रात्रीला दोन अर्थ आहेत. आधी कोणाचा, याचा शोध अभ्यासकाने खुशाल घ्यावा. फराळाचे ताट शेजारी पोचवायला त्या शोधाच्या निकालाची वाट कोणी पाहत नाही, आणि पाहू नये.