आंतरवासी आणि त्याचे बोलणे

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये अभिवृत्ती, नीती व संवाद यांसाठी ‘एटकॉम’ ही पाठमाला सिद्ध केली आणि २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात तिला स्थान मिळाले. संवाद ही शिकविण्याची वस्तू आहे, वयाबरोबर आपोआप येणारी नव्हे, हे तीत मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि पुढे बारा महिने वॉर्डात उभा राहावयाचा जो आंतरवासी, त्याच्या दृष्टीने ती वाचली असता एक उणीव जाणवते.

अभ्यासक्रमात पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांपैकी संवादकाच्या भूमिकेत रुग्ण, कुटुंबीय, सहकारी व समाज या चौघांचा निर्देश आहे. पण संवादाच्या पाठांचा भर डॉक्टर आणि रुग्ण या जोडीवरच राहतो. आंतरवासीचे अवघड बोलणे पुष्कळदा सहकाऱ्यांशीच असते. पाळी बदलताना रुग्ण पुढच्याच्या हवाली करणे, सिस्टरने दाखविलेली चूक निमूटपणे ऐकणे, मध्यरात्री वरिष्ठांना फोन करून ‘आपण यावे’ असे स्पष्ट म्हणणे! संकोची मुलगा त्या फोनवर रुग्णाचा सारा पूर्वेतिहास सांगतो आणि रक्तदाब उतरत आहे हे अखेरीस. त्याला ज्ञान नसते असे नाही. त्याला बोलणी खाण्याची भीती असते. परिस्थिती, पूर्वपीठिका, स्वतःचा अंदाज व मागणी असा ‘एस्‌बार’चा क्रम यासाठी उपयोगी आहे; परंतु तो फळ्यावर लिहून देऊन भागणार नाही, रागावलेल्या वरिष्ठाची भूमिका कोणीतरी वठवावयास हवी.

दुसरा प्रश्न भाषेचा. बाई ‘अंगावरून जाते’ म्हणते तेव्हा तिला स्राव अभिप्रेत असतो. ‘अंगावरून वारे गेले’ म्हटले की तो पक्षाघात. एका शब्दाने रुग्ण निराळ्याच विभागात जावयाचा. ‘जीव घाबरा होतो’ यात हृदयविकार आहे की चिंता, हे तर विचारूनच काढावे लागते. प्रारंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची सोय आहे खरी, पण ती रुग्णाची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. तिची खरी जागा आंतरवासितेच्या उंबरठ्यावर आहे.

अशुभ वार्ता सांगण्याची ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली कर्करोगचिकित्सेच्या संदर्भात प्रसिद्ध झाली. तिची पहिलीच पायरी एकांताची. दोन खाटांमध्ये, सात नातलगांच्या वेढ्यात उभ्या असलेल्या आंतरवासीने तो कोठून आणावा? शिवाय ही वार्ता सांगण्याचा अधिकार मुळात त्याचा आहे काय? ‘मी वरिष्ठांना बोलावतो, तोवर येथेच थांबतो’ हे वाक्य त्याला सहा पायऱ्यांआधी शिकवावे.